श्वसनाच्या प्रयोगात ऑक्सिजन मोजला जावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील मुलांच्या पानावर अलीकडेच ‘करून पाहा’ या प्रकारातला एक प्रयोग छापून आला. पाणी घातलेल्या ताटलीत पेटती मेणबत्ती उभी करायची, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते, आणि चढलेले पाणी म्हणजे संपलेल्या ऑक्सिजनचे माप, असे त्यात सांगितले होते. शेवटी ‘आपल्या शरीरातले श्वसनही असेच चालते’ अशी पुस्तीही जोडलेली होती. माध्यमिक वर्गांना मी गेली २२ वर्षे जीवशास्त्र शिकवते आहे. हा मजकूर लिहिणाऱ्याला दोष देण्यासाठी हे पत्र नाही, कारण हाच प्रयोग आणि हेच अनुमान मीही शाळकरी वयात शिकले आणि पुढे काही वर्षे शिकवलेही. परंतु श्वसनात ऑक्सिजन वापरला जातो हे विधान आपण मुलांपुढे ज्या सहजपणे ठेवतो, त्या सहजपणाला पुरावा देणारे मोजमाप मात्र वर्गात जवळजवळ कधीच होत नाही, ही गोष्ट मला अनेक वर्षे खटकत आली आहे.

आधी मेणबत्तीविषयी. ती विझते तेव्हा ग्लासातला ऑक्सिजन संपलेला नसतो. मूळच्या सुमारे २१ टक्क्यांपैकी त्या हवेत तो अजून सुमारे १५ ते १६ टक्के शिल्लक असतो. ज्योत टिकायला तेवढा पुरत नाही, इतकेच. शिवाय मेण जळताना वापरल्या गेलेल्या प्रत्येक तीन भाग ऑक्सिजनमागे सुमारे दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो पाण्यात फार सावकाश विरघळतो. म्हणजे जेवढा ऑक्सिजन गेला तेवढी जागा रिकामी झाली, हे गृहीतच चुकीचे आहे. मग पाणी चढते कशामुळे? ग्लास उपडा घालताना ज्योतीने तापून फुगलेली हवा आत कोंडली जाते, काही हवा काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेरही जाते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते. ज्याने हा प्रयोग डोळ्यांत तेल घालून पाहिला आहे त्याला आठवेल, की पाणी मुख्यत्वे ज्योत विझल्यानंतर एकदम वर चढते. ऑक्सिजन हळूहळू वापरला जात असताना नव्हे. एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या तर पाणी अधिक उंच चढते, आणि ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता. म्हणजे तो प्रयोग मोजतो ते ज्योतीची उष्णता. पाण्याची उंची पाचव्या भागाच्या आसपास येते हा निव्वळ योगायोग, आणि तोच आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरावा म्हणून पुरला.

श्वसनाच्या पाठात मेणबत्तीची जागा चुन्याची निवळी घेते. नळीतून निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते. मुलांना गंमत वाटते, आणि उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड अधिक असतो हे त्यातून खरोखरच दिसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याच श्वासात आपण ‘म्हणून ऑक्सिजन वापरला गेला’ असे सांगून टाकतो, आणि हे ‘म्हणून’ निवळीने कुठेही सिद्ध केलेले नसते. साखरेच्या पाण्यातले यीस्ट ऑक्सिजनविना किण्वन करते, त्यातून निघणारा वायूही निवळीला तसाच दुधाळ करतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला एवढ्यावरून ऑक्सिश्वसन (ऑक्सिजन वापरून होणारे) आणि विनॉक्सिश्वसन (त्याच्याविना होणारे) यांत फरक करता येत नाही. तो करायचा तर आत गेलेला ऑक्सिजन मोजणे हाच सरळ मार्ग उरतो. त्यातून मराठीत श्वसन आणि श्वासोच्छ्वास असे दोन नेमके शब्द असूनही बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, त्यामुळे फुंकर मारणे म्हणजेच श्वसन अशी मुलांची समजूत होते आणि पेशीच्या आत चाललेले काम नजरेआडच राहते.

ऑक्सिजन मोजण्याचे टाळले जाते त्याला आळस कारणीभूत आहे असे मी म्हणणार नाही. ते मोजमाप मुळातच अवघड आहे, आणि का अवघड आहे हे मुलांना आकड्यांनी दाखवता येते. २०० घनमीटर आकारमानाची एक वर्गखोली घ्या. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के, म्हणजे या खोलीत तो सुमारे ४२ हजार लिटर झाला. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर, म्हणजे तासाला १५ लिटर ऑक्सिजन वापरतो. खोलीत ४० जण दारे-खिडक्या घट्ट लावून तासभर बसले, तर ते ६०० लिटर वापरतील आणि ऑक्सिजनचे प्रमाण २०.९५ वरून २०.६५ टक्क्यांच्या आसपास येईल. त्याच तासात कार्बन डायऑक्साइड मात्र ०.०४ टक्क्यावरून सुमारे ०.२८ टक्क्यांवर, म्हणजे सातपट होईल. भरलेल्या हंड्यातून एक वाटी पाणी काढले तर हंड्याकडे बघून ते ओळखू येत नाही, पण तेच पाणी रिकाम्या पेल्यात ओतले तर लगेच दिसते. निवळीचा प्रयोग सोपा आणि ऑक्सिजनचा अवघड, त्याचे कारण हे आहे. कोंदट खोलीत जीव घुसमटतो तो ऑक्सिजन संपत आल्यामुळे, ही समजूतही या साध्या हिशेबापुढे टिकत नाही, हे जाता जाता नमूद करते.

तरीही ऑक्सिजन वर्गात मोजता येतो, आणि त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. मोड आलेले वाटाणे एका परीक्षानळीत घ्यायचे, तळाशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे बोलीत पोटॅशच्या, द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवायचा, मध्ये कोरड्या, न शोषणाऱ्या कापसाचा थर द्यायचा, कारण ते दाहक द्रावण बियांना लागले तर बिया मरतात, आणि रबरी बुचातून एक अंशांकित बारीक नळी आडवी बाहेर काढून तिच्यात रंगीत पाण्याचा एक थेंब ठेवायचा. बिया ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. सोडलेला कार्बन डायऑक्साइड पोटॅशमध्ये शोषला जातो. आतल्या हवेचे आकारमान ऑक्सिजनपुरते घटते आणि थेंब आत सरकतो. या मांडणीतली सर्वात सुंदर गोष्ट पोटॅश काढून टाकल्यावर कळते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे सहा रेणू ऑक्सिजन आत जातो आणि सहा रेणू कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. त्यामुळे पोटॅश नसलेल्या नळीत बिया जोमाने श्वसन करत असूनही थेंब जवळजवळ जागचा हलत नाही. वाटाण्यांऐवजी एरंडाच्या मोड आलेल्या बिया घेतल्या तर मात्र पोटॅश नसतानाही थेंब आत येतो, कारण तेल वापरणाऱ्या बीला जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्याहून बराच अधिक ऑक्सिजन लागतो. श्वसनगुणांक, म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि आत गेलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर, ही संकल्पना फळ्यावर अर्धा तास घालवूनही मुलांच्या गळी उतरत नाही. हे दोन थेंब ती पाच मिनिटांत उतरवतात.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण या पत्राचे मूळ तिच्यात आहे. काही वर्षांपूर्वी गटागटाने हाच प्रयोग चालू असताना एका मुलीने हात वर केला आणि तिचा थेंब आत न येता बाहेर चालला असल्याचे सांगितले. मी जवळ जाऊन पाहिले. दहा मिनिटांत थेंब खरोखरच ०.१ मिलीलिटरने बाहेर सरकला होता. बाकीच्या गटांचे थेंब सुमारे ०.३ मिलीलिटर आत आले होते. तास संपत आला होता, पुढचा वर्ग दारात उभा होता, आणि मी तिला ते निरीक्षण खोडून ‘थेंब आत सरकतो’ असे प्रयोगवहीत लिहायला सांगितले. तिने लिहिले, पण खोडताना तिने माझ्याकडे जसे पाहिले ते मला रात्रभर विसरता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीने तीच नळी घेतली, आत तापमापी बसवला आणि ती मुलगी नळी जशी तळहातात धरून बसली होती, तशीच धरून बसले. दहा मिनिटांत आतले तापमान दोन अंशांनी वाढले.

पुढचा हिशेब कागदावर केला तो असा. नळीत बियांची जागा सोडून सुमारे ४० मिलीलिटर हवा होती. खोलीच्या तापमानाला एक अंश वाढला की वायूचे आकारमान तीनशेव्या भागाने वाढते. दोन अंशांना ही वाढ ०.२७ मिलीलिटर. ओल्या बियांमुळे आतली हवा बाष्पाने संपृक्त असते आणि तापताना बाष्पही वाढते. त्याचे आणखी सुमारे ०.१५ मिलीलिटर. एकूण वाढ ०.४२, आणि त्यातून बियांनी वापरलेला ०.३ मिलीलिटर ऑक्सिजन वजा केला तर उरतात ०.१२ मिलीलिटर, बाहेरच्या दिशेने. मुलीचे निरीक्षण अचूक होते. तिच्या बियाही इतरांच्या बियांइतक्याच श्वसन करत होत्या. चूक होती ती प्रयोगाच्या मांडणीत आणि माझ्या घाईत. ज्यांचे थेंब आत आले त्यांच्या आकड्यांतही खोलीच्या तापमानाचा किती वाटा होता, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते.

यावरचा उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे: शेजारी दुसरी नळी ठेवणे. तिच्यात बियांइतक्याच आकारमानाचे काचेचे मणी घालायचे, म्हणजे हवेची जागा सारखी राहते. मणी ओले असावेत, म्हणजे बाष्पही सारखे राहते, आणि ही ओलाव्याची बाब बहुतेक ठिकाणी सुटून जाते. पोटॅशचा बोळा, बूच, आडवी नळी, थेंब, सारे तसेच. दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या एकाच मोठ्या चंचुपात्रात उभ्या ठेवायच्या, पाच-दहा मिनिटे हात न लावता थांबायचे आणि मगच थेंबाची पहिली नोंद घ्यायची. मण्यांच्या नळीतला थेंब ०.१२ मिलीलिटर बाहेर गेला आणि बियांच्या नळीतला ०.१८ आत आला, तर खरा वापर ०.३० मिलीलिटर. तापमान बदलो, हवेचा दाब बदलो, दोन्ही नळ्यांना तो सारखाच भोगावा लागतो आणि वजाबाकीत निघून जातो. पेशींच्या श्वसनावरील कामासाठी १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळालेले ओटो वॉरबुर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणातही, तापमान स्थिर राखलेल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ऊतींच्या फ्लास्कशेजारी, ऊती नसलेला एक फ्लास्क याच कामासाठी लावलेला असे. ज्या नळीविना त्या प्रयोगशाळेचे चालत नव्हते, ती नळी आम्ही वेळ नाही म्हणून गाळतो आणि वर आकड्यांवर विश्वास ठेवतो.

मोजमापाच्या नोंदीतही एक ढिलाई नेहमी आढळते. मुले ‘थेंब चार सेंटिमीटर सरकला’ असे लिहितात, शिक्षक बरोबरची खूण करतात आणि तास संपतो. चार सेंटिमीटर ही लांबी झाली. ऑक्सिजन किती हे त्यातून कळत नाही. एक मिलिमीटर आतील व्यासाच्या केशनलिकेत थेंब एक सेंटिमीटर सरकला तर ते ०.००८ मिलीलिटर होतात, आणि दोन मिलिमीटर व्यासाच्या नळीत तेच अंतर चौपट आकारमान दाखवते. शेजारशेजारच्या दोन गटांच्या नळ्या वेगळ्या असतील तर त्यांचे सेंटिमीटर एकमेकांशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. त्रिज्येच्या वर्गाला पायने आणि लांबीने गुणण्याचे सूत्र याच मुलांना गणिताच्या तासाला पाठ असते. आकारमान काढल्यानंतर त्याला बियांच्या वजनाने आणि वेळेने भागले पाहिजे: १० ग्रॅम बियांनी १० मिनिटांत ०.३ मिलीलिटर वापरला, म्हणजे दर ग्रॅमला दर तासाला ०.१८ मिलीलिटर. असा आकडा हाती आल्यावरच १५ अंशांच्या पाण्यातल्या आणि २५ अंशांच्या पाण्यातल्या बियांची तुलना करता येते.

बियांच्या निवडीविषयीही थोडे लिहिणे आवश्यक वाटते. तुलनेसाठी मृत बियांची नळी म्हणून उकडलेले वाटाणे वापरण्याची पद्धत आहे, पण ते एक-दोन दिवस तसेच ठेवले तर त्यांवर जिवाणू आणि बुरशी वाढते आणि मेलेल्या बियांची नळी ऑक्सिजन वापरताना दिसू लागते. म्हणून ते त्याच दिवशी उकडावेत आणि दोन्ही प्रकारच्या बिया सौम्य जंतुनाशकात बुडवून धुऊन घ्याव्यात. नुकत्याच भिजवलेल्या वाटाण्यांचे टरफल फाटण्यापूर्वी आत पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे त्या काळात काही अंशी विनॉक्सिश्वसन चालते आणि कार्बन डायऑक्साइड जास्त निघतो. मोड स्पष्ट दिसू लागल्यावरच बिया घेणे बरे. हिरवे कोंब फुटले असतील तर नळीवर काळे कापड हवेच, नाहीतर प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन आतच तयार होऊ लागतो. बरणीखाली उंदीर किंवा अन्य प्राणी कोंडून दाखवण्याचे प्रकार जुन्या वर्णनांत आढळतात. बियांनी जे दाखवता येते त्यासाठी कोणताही प्राणी घुसमटवण्याचे कारण नाही. पोटॅश हाताळण्याचे काम चष्मा आणि हातमोजे घालून शिक्षकांनीच करावे.

हल्ली काही प्रयोगशाळांत ऑक्सिजनची टक्केवारी थेट पडद्यावर दाखवणारे सेन्सर आले आहेत आणि आता या थेंबाच्या खटाटोपाची गरज उरली नाही असे मानले जाते. सेन्सर उपयोगी आहेत, यात शंका नाही. आकडा दर सेकंदाला बदलताना मुलांना दिसतो, हे थेंबाला जमत नाही. पण सेन्सरलाही दुसरी बाटली लागतेच. २५ अंशांना हवा बाष्पाने संपृक्त झाली की बाष्प सुमारे ३ टक्के जागा व्यापते, आणि बाटलीतला दाब बाहेरच्या हवेइतकाच असेल तर कोरड्या हवेतला २०.९५ चा आकडा २०.३ च्या आसपास येतो. एकाही बीने श्वसन न करता! ओल्या बियांच्या बाटलीत सेन्सर घालताच पहिल्या काही मिनिटांत दिसणाऱ्या घसरणीत या बाष्पाचाही वाटा असतो, आणि मुले ती सगळीच श्वसनाच्या नावावर जमा करतात. ओल्या मण्यांच्या बाटलीत सेन्सर आधी स्थिर होऊ द्यावा आणि तो आकडा आरंभबिंदू मानावा. शिवाय टक्के म्हणजे प्रमाण; वापरलेला ऑक्सिजन मिलीलिटरमध्ये हवा असेल तर बाटलीतल्या हवेचे आकारमान, त्यातून बियांचे आकारमान वजा करून, माहीत असावेच लागते. बहुतेक स्वस्त सेन्सर रासायनिक घटासारखे चालतात आणि पेटीत नुसते पडून असतानाही आतील धातू झिजत राहतो; तेव्हा उघड्या हवेत तपासल्याशिवाय गेल्या वर्षीच्या सेन्सरवर विसंबू नये.

या सगळ्याला एक तास पुरत नाही, हे मला मान्य आहे. दोन तास जोडून द्यावे लागतात, मोड येण्याइतक्या आधी बिया भिजवाव्या लागतात, बुचाला व्हॅसलीन लावूनही एखादी नळी गळतेच आणि त्या गटाला रिकाम्या हाताने परतावे लागते. परंतु ‘थेंब आत सरकतो, म्हणून बिया ऑक्सिजन घेतात’ हे अनुमान जर प्रयोगवहीत प्रयोगाआधीच छापलेले असेल, तर मूल थेंबाकडे पाहील कशाला? मी आता अनुमानाची जागा कोरी ठेवून घेते आणि मण्यांच्या नळीची नोंद नसलेल्या वहीवर सही करत नाही. ज्या गटाची नळी गळली त्याने ‘नळी गळली’ असे लिहावे आणि गळती कशी ओळखली ते सांगावे. त्याचे गुण मी कापत नाही. त्या मुलीची वही मी दुसऱ्याच आठवड्यात परत मागून घेतली आणि खोडलेल्या ओळीशेजारी तिचा ०.१ मिलीलिटरचा आकडा माझ्या हाताने पुन्हा लिहिला.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती एवढीच आहे, की मेणबत्तीच्या प्रयोगाचे खरे स्पष्टीकरण मुलांच्या त्याच पानावर छापावे, तीन मेणबत्त्या लावून काय होते ते मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करून पाहावे असे सुचवावे, आणि श्वसनावर पुढे कधी प्रयोग दिलात तर त्याच्या आकृतीत मण्यांची नळी बियांच्या नळीइतकीच मोठी काढावी.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक शिक्षिका